आधी आर्थिंग, मग सीट कव्हर

धाराशिव, तुळजापूर, उमरगा इथल्या घरांसमोर आता हिरव्या नंबरप्लेटच्या विजेच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. हिरव्यावर पांढरी अक्षरं असली तर गाडी घरची, पिवळी असली तर भाड्याची. २०१८ साली केंद्र सरकारने ही पद्धत लावून दिली. गाडी बुक केली की शोरूममध्येच अ‍ॅक्सेसरीजचा कागद पुढे येतो. सीट कव्हर, सेव्हन-डी मॅटिंग, दाराचे व्हायझर, क्रोमच्या पट्ट्या, जादा दिवे. चार ठिकाणी टिक केली की बघता बघता मोठी रक्कम होते. हा कागद पेट्रोल-डिझेलच्या काळातला आहे. विजेच्या गाडीला आपल्या जिल्ह्यात जे खरोखर लागतं, ते त्या यादीत बहुतेक नसतं. त्यातलं निम्मं घराच्या भिंतीत आणि अंगणातल्या जमिनीत बसवायचं असतं, उरलेलं डिकीच्या एका कोपऱ्यात मावतं. पैसा याच क्रमाने खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात भिंतीपासून करू. गाडीबरोबर घरच्या थ्री-पिनमध्ये लावायची चार्जिंग केबल मिळते. तिच्या मधोमध एक डबी असते. लोक तिला चार्जर म्हणतात, पण खरा चार्जर गाडीच्या आत असतो. ही डबी राखणदाराचं काम करते: प्लग लावला की ती आधी आर्थिंग आहे का ते तपासते, मगच गाडीकडे वीज सोडते. आर्थिंग नसलं की तिच्यावर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. गावाकडे नवी गाडी आली की पहिल्याच रात्री हा लाल दिवा अनेकांना भेटतो. गाडीत खोट निघाली असं वाटून लोक घाबरतात. बऱ्याचदा गाडी ठणठणीत असते. घर बांधताना बोर्डात अर्थची तार ओढलेलीच नसते, किंवा ओढलेली असून जमिनीपर्यंत पोचलेली नसते. फ्रीज आणि मिक्सर इतकी वर्षं तसेच चालत आले, म्हणून कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

इथेच एक जीवघेणा जुगाड होतो. एखादा वायरमन सॉकेट उघडतो, न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायरचा तुकडा जोडतो आणि सॉकेट बंद करतो. लाल दिवा जातो, हिरवा लागतो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. आता खांबावरून घरात येणारी न्यूट्रल वादळात तुटली किंवा मीटरपाशी सैल झाली तर काय होईल? घरातल्या उपकरणांतून परतीला निघालेल्या विजेला खांबाकडे जायला वाट उरत नाही. ती त्या बोटभर तुकड्यातून अर्थच्या पिनेवर येते आणि तिथून केबलमार्फत गाडीच्या पत्र्यावर. गाडी रबराच्या टायरवर उभी असते, जमिनीपासून सुटी. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दाराला हात लावणारा माणूस मग जमिनीकडची वाट बनतो. असा तुकडा कुणी जोडला असेल तर तो आजच काढून टाका. नसलेलं आर्थिंग निदान लाल दिवा दाखवतं. हा तुकडा तो दिवाच विझवतो.

खरं आर्थिंग करायचं तर जमीन ओळखावी लागते. आपला जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारांवर वसलेला आहे. माळावर हात-दोन हात खणलं की मुरूम लागतो, त्याखाली काळा पाषाण. नदीकाठच्या पट्ट्यात खोल काळी माती. वीज जमिनीत मुरते ती मातीतल्या ओलाव्यातून आणि त्यात विरघळलेल्या क्षारांतून. मुरमात पाणी थांबत नाही. काळी माती पाणी धरते खरी, पण एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते आणि गाडलेल्या पाइपापासून सुटी होते. म्हणून पावसाळ्यात उत्तम चाललेलं आर्थिंग उन्हाळ्यात दगा देतं. नेमक्या त्याच दिवसांत डबीचा लाल दिवा पुन्हा लागतो आणि मालक चक्रावतो.

जुनी पद्धत अडीच-तीन मीटर खोल पाइप गाडून भोवती कोळसा आणि मिठाचे थर देण्याची. ती चालते, पण मीठ लोखंडी पाइप खातं आणि पाण्याबरोबर वाहूनही जातं. दर उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. हल्ली ‘केमिकल आर्थिंग’ मिळतं. त्यात इलेक्ट्रोडभोवती बेंटोनाइटसारखी ओल धरून ठेवणारी माती भरतात. मुरमाड जागेत मी हेच सुचवीन, आणि शक्य असेल तर न्हाणीघराच्या किंवा हातपंपाच्या पाण्याने जिथे जमीन कायम ओली राहते तिथे. काम झाल्यावर वायरमनला अर्थ टेस्टरने मोजून दाखवायला सांगा. आकडा ५ ओहमच्या आत असला तर समाधान माना. मोजणी मेमध्ये करून घेतली तर अधिक चांगलं.

केवळ आर्थिंगवर भागत नाही, सोबत आरसीसीबी हवी, हे एका हिशोबातून कळतं. समजा केबलची फेज गाडीच्या पत्र्याला टेकली आणि आर्थिंग ५ ओहमचं आहे. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जाणार. लाइनवर २० अँपिअरची एमसीबी आहे. तिला झटक्यात पडायला निदान १०० अँपिअर लागतात; ४६ वर ती तापत तापत, काही सेकंदांनी पडेल. उन्हाळ्यात आर्थिंग ५० ओहमवर गेलं असेल तर प्रवाह साडेचार अँपिअरच. एमसीबी पडणारच नाही आणि गाडीचा पत्रा करंट मारत राहील. आरसीसीबीचं काम वेगळं आहे. गेलेली आणि परत आलेली वीज ती सतत ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की क्षणात लाइन तोडते. गाडीसाठी घेताना ‘टाइप ए’ची मागा, साधी ‘टाइप एसी’ची या कामाला कमी पडते. दुकानदार दोन्ही एकच म्हणाला तरी आरसीसीबीवरचं चिन्ह वाचून घ्या.

आता सॉकेट. गाडी १५ अँपिअरच्या प्लगवर आठ-दहा तास सलग जवळजवळ पूर्ण ताकदीने वीज ओढते. घरातलं दुसरं कोणतंही उपकरण असं करत नाही. गीझरसुद्धा पाणी तापलं की बंद होतो. सॉकेटच्या आतली पितळी पकड जराशी सैल असली आणि तिथे ०.१ ओहम एवढाच अडथळा तयार झाला, तरी १५ अँपिअरला त्या एका बिंदूवर साडेबावीस वॅट उष्णता निर्माण होते. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग आयर्न साधारण पंचवीस वॅटची असते. तेवढी आच रात्रभर प्लास्टिकमध्ये कोंडली तर सॉकेट आधी पिवळं पडतं, मग काळं, मग वितळतं. म्हणून जुन्या बोर्डावर गाडी लावू नये. मीटरपासून वेगळी लाइन ओढावी, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चांगल्या कंपनीचं जाड बनावटीचं सॉकेट, आणि त्या लाइनवर दुसरं काही नाही. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर काढून टाका. एक्स्टेंशन बोर्ड या कामाला कधीच वापरू नका, मग गाडी गेटबाहेर आणि सॉकेट माजघरात का असेना.

सोबत महावितरणचं एक काम आहे. आपल्याकडच्या बऱ्याच घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असतो आणि गाडी एकटी तीन किलोवॅट घेते. भार वाढवण्याचा अर्ज करून टाकावा. घरगुती मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज करायला आडकाठी नाही. शेतातल्या पंपाच्या जोडणीवरून मात्र करू नये. ती वीज पंपासाठी दिलेली असते आणि दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होऊ शकते.

संध्याकाळी डीपीवर ताण आला की व्होल्टेज घसरतं. फार घसरलं तर चार्जर स्वतःच थांबतो आणि सकाळी गाडी अर्धवट चार्ज झालेली सापडते. यावर स्टॅबिलायझर घेण्याआधी दोन फुकटचे उपाय करून पाहावेत: चार्जिंग रात्री अकरानंतर सुरू होईल असा टायमर लावणं आणि प्रवाह १५ ऐवजी १० अँपिअरवर आणणं. बऱ्याच गाड्यांत किंवा डबीवर तशी सोय असते. वेळ जास्त लागतो, पण धाराशिव-तुळजापूर ये-जा करणाऱ्याला रोज पाच-सात युनिटच भरायचे असतात.

भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर म्हणजे वॉलबॉक्स. रोज दीडशे-दोनशे किलोमीटर फिरणाऱ्यालाच तो खरा उपयोगी. त्याला ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि ४० अँपिअरची एमसीबी लागते, आणि गाडी तेवढी वीज घेऊ शकते का ते आधी पाहावं लागतं. काही लहान गाड्या ३.३ किलोवॅटच्या पुढे घेतच नाहीत. बसवताना पश्चिमेची भिंत टाळा, दुपारच्या उन्हात तो तापून वेग कमी करतो. नदीकाठच्या घरांनी तो उंचावर बसवावा. सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा-भूम भागात पाणी कुठवर चढलं होतं, ते तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. केबलच्या टोकाची चार्जिंग गन जमिनीवर टाकून ठेवू नका. शेजारी हूक किंवा होल्डर असावा आणि तोंडावर टोपण. काळ्या मातीची पूड गनच्या पिनांत बसली की तिथेही उष्णतेची तीच कथा सुरू होते.

यानंतर ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि लिथियमची बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते: उष्णतेने आणि पूर्ण भरून ठेवल्याने. दोन्ही एकत्र आल्या तर आणखी लवकर. म्हणून उन्हाळ्यात गाडीसाठी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे सावली. शेतकऱ्याच्या घरी ती आणायला लांब जावं लागत नाही. रोपवाटिकेवर घालतात ती पंचाहत्तर टक्के सावलीची हिरवी शेडनेट चार पाइपांवर ताणली की काम होतं. पत्र्याच्या ठेंगण्या शेडपेक्षा ती बरी, कारण हवा खेळती राहते. कापडी कव्हर रात्री धूळ अडवायला ठीक, पण गाडी चार्जिंगला लावली असताना घालू नका. त्या वेळी बॉनेटखालचा पंखा फिरतो आणि त्याला हवा लागते.

काचेच्या आतून लावायचा चंदेरी पडदा स्वस्त आणि खरोखर कामाचा आहे. तापलेली केबिन थंड करायला एसी सुरुवातीला दोन-तीन किलोवॅट ओढतो. एक युनिट वाचलं तर लहान गाडी सहा-सात किलोमीटर पुढे जाते. निघण्याआधी दहा मिनिटं, गाडी प्लगलाच असताना मोबाइलवरून एसी चालू करता येत असेल तर आणखी उत्तम. ती वीज भिंतीतून जाते, बॅटरीतून नाही. काचांवर काळी फिल्म मात्र नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच तिच्यावर टाच आणली. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, हा नियम आहे.

विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. खालची मोठी बॅटरी चाकं फिरवते. बॉनेटखाली एक लहान बारा व्होल्टची असते. ती दिवे, लॉक, स्क्रीन आणि गाडीतले संगणक चालवते, आणि मोठ्या बॅटरीचे विजेचे दरवाजेही तीच उघडते. ती उतरली तर मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. बाहेरून बसवलेली बहुतेक अ‍ॅक्सेसरी याच लहान बॅटरीवर जगते. गाडी बंद असतानाही चालणारा डॅशकॅम पाव अँपिअर खात असेल, तर दिवसाला सहा अँपिअर-तास झाले. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभरात बसेल. काही गाड्या उभ्या असताना मोठ्या बॅटरीतून लहानीला अधूनमधून भरतात, पण सगळ्या नाही. पुण्याला मुलाकडे पंधरा दिवस जाणाऱ्याने डॅशकॅमची पिन काढूनच जावं.

बसवतानाही फ्यूजच्या डबीतून रीतसर जोडणी घ्या. वायर सोलून, पिळून, टेप गुंडाळणाऱ्याच्या हाती ही गाडी देऊ नका. केशरी रंगाच्या वायरींना तर कुणीच हात लावायचा नाही. त्यांच्यात शेकडो व्होल्ट असतात आणि तो रंग जगभर त्याच इशाऱ्यासाठी ठरलेला आहे. जादा हॉर्न, लाइटबार, मोठा अ‍ॅम्प्लिफायर यांच्यासाठी कापाकापी केली की वॉरंटी आणि विमा दोन्हीकडे वाद उभा राहतो. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला जंप देण्याचा आग्रह होईल, तोही नम्रपणे नाकारा. ही लहान बॅटरी स्टार्टर फिरवायला बनवलेलीच नाही.

टायरचं पाहू. वेड्या बाभळीचा काटा हा आपल्या रस्त्यांचा जुना शत्रू आहे आणि अनेक विजेच्या गाड्यांत स्टेपनीच येत नाही. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप आणि ट्यूबलेसचं पंक्चर किट या दोन वस्तू डिकीत असल्याच पाहिजेत. मात्र पंक्चरवाल्याकडे गेल्यावर गाडीजवळून हलू नका. तो सवयीने जॅक जिथे बसेल तिथे लावतो, आणि या गाडीचा तळ म्हणजे बॅटरीची पेटी. जॅक फक्त दाराखालच्या कडेला खूण केलेल्या जागीच लावायचा. त्या जागा खडूने किंवा रंगाने ठळक करून ठेवा. बॅटरीच्या पेटीला पोचा पडला तर खर्च मोठा असतो. तळाला जाड लोखंडी पत्रा ठोकून देणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. पत्रा आणि पेटीच्या मध्ये चिखल साचतो, हवा अडते आणि ड्रिल चुकला तर पश्चात्तापाला जागा राहत नाही.

मडफ्लॅप जरूर घ्या, मूळ भोकांत बसणारेच. रबराचे कडा उचललेले मॅट घ्या. सेव्हन-डीच्या खाली ओल अडकून वास येतो. ब्रेकखाली सरकणारा मॅट कोणत्याही गाडीत जीव घेऊ शकतो, त्यामुळे चालकाच्या बाजूचा हुकाला अडकवलेला हवा. सीट कव्हर घेताना सीटच्या कडेला एअरबॅग आहे का ते पाहा. असेल तर त्या जागी उसवणारी शिलाई असलेलंच घ्या. छतावरचा कॅरियर लागेल तेव्हाच चढवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलं की दीडपटीहून जास्त होतो, आणि कॅरियर त्यात भर घालतो. सोलापूरच्या हमरस्त्यावर त्याची किंमत रेंजमध्ये लगेच दिसते. समोरचा लोखंडी बंपर तर बेकायदाच आहे.

धान्याची पोती आणि कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावणाऱ्यांनी उंदरांचा बंदोबस्त करावा. बॉनेटखालच्या मोकळ्या तोंडांवर बारीक लोखंडी जाळी बसवून घेणं आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहणं, हे कोणत्याही फवाऱ्यापेक्षा भरवशाचं आहे.

गाडी काळ्या रानात रुतली तर ट्रॅक्टरने ओढायला हरकत नाही, पण टूलकिटमधला हूक पुढच्या भोकात फिरवून बसवा, गाडी न्यूट्रलला घ्या, आणि फक्त चिखलातून बाहेर येईपर्यंतच ओढा. रस्त्याने दोरी बांधून गावापर्यंत नेऊ नका. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि आतले भाग जळू शकतात. बंद पडलेली गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची.

शेवटी लोडशेडिंगच्या कामाची गोष्ट. काही गाड्यांत मोठ्या बॅटरीतून बाहेर वीज घेण्याची सोय असते. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीत ती २०२३ च्या नव्या आवृत्तीपासून आली. चार्जिंगच्या तोंडात एक अडॅप्टर बसवला की त्याला साधं सॉकेट मिळतं, साधारण तीन किलोवॅटपर्यंतचं. गाडीत ही सोय नसेल तर बाजारातला असा अडॅप्टर निरुपयोगी आहे, तेव्हा मॅन्युअल वाचूनच घ्या. विहिरीवरची पाच एचपीची मोटर यावर चालणार नाही. ती थ्री-फेजवर चालते. एक एचपीची सिंगल-फेज मोटरही सुरू होताना पाच-सहा पट झटका घेते आणि गाडी लाइन तोडते. दोन पंखे, चार एलईडी आणि फ्रीज मिळून तीनशे वॅट धरले तर पंधरा युनिटांत दोन दिवस निघतात.

ही वीज घरात न्यायची ती एक्स्टेंशनने थेट उपकरणापर्यंत. दोन्हीकडे पिना असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये खुपसण्याचा प्रकार कधीही करू नका. तुमची वीज मीटरमधून उलटी खांबावर चढते, तिथे लाइन बंद आहे असं समजून लाइनमन काम करत असतो, आणि डीपीतून उलट जाताना तीच वीज हजारो व्होल्टची होते. घराचं वायरिंग गाडीवर चालवायचंच असेल तर मीटरनंतर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. जनरेटरसाठी मंगल कार्यालयांत असतो तोच हा खटका. एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला गाडी, आणि दोन्ही एकाच वेळी जोडले जाणं अशक्य.